मांजरीसाठी घेतलेली गोधडी

रत्नागिरीच्या बाजारातून जुन्या सुती लुगड्यांची, हातशिलाईची छोटी गोधडी खास मांजरीसाठी घेतली. ती पसंत पडल्याची पावती म्हणजे मांजर तिच्यावर बसून पुढचे पंजे आळीपाळीने दाबत, कणीक तिंबावी तशी ती तिंबू लागली. पिल्लू असताना आईचे दूध उतरावे म्हणून केलेली ही हालचाल मांजरे मोठेपणीही मऊ जागी, निवांत असताना करतात. शिवाय तळव्यांतील ग्रंथींचा गंध कापडात उतरत असल्याने ती जागा आपली वाटते. म्हणून गोधडी सारखी धुऊ नये हे खरे, पण कोकणातल्या पावसाळ्यात कुबट वास धरणारे हे जाड थर धुवावेच लागतात, आणि ते लवकर वाळत नाहीत. टाके बारीक असल्याने नखे क्वचितच अडकतात. कडेची पट्टी मात्र उसवली. किंमत वाजवी आहे, फक्त कडेला दुहेरी शिलाई हवी होती.