निर्दोष सुटकेविरुद्ध अपील: सरकारची वाट पाहायची की स्वतः करायचं?

ठाण्याच्या सत्र न्यायालयात खुनाचा आरोपी निर्दोष सुटला, की मयताच्या घरचे पहिला प्रश्न विचारतात, 'सरकार अपील करेल ना?' करू शकतं. पण त्यावर विसंबून राहू नका, हे माझं स्पष्ट मत.

सरकारी अपिलात तुमचा खर्च शून्य. मात्र प्रस्ताव मंत्रालयात विधी व न्याय विभागाकडे जातो, तिथे होकार मिळाला तर उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, आणि मुदत ९० दिवसांची. या प्रवासात घरच्यांचा शब्द चालत नाही. स्वतः अपील करण्याचा हक्क पीडिताला आणि त्याच्या कायदेशीर वारसांना ३१ डिसेंबर २००९ पासून आहे. आता तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम ४१३ मध्ये आहे. त्याला परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मल्लिकार्जुन कोडगली खटल्यात सांगितलं. वकिलाचा खर्च तुमचा, पण स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न पाहता मोफत विधी सहाय्य मिळतं. शिक्षा वाढवून मागण्यासाठी मात्र सरकारच अपील करू शकतं. आणि बेलापूरच्या दंडाधिकाऱ्यांनी सोडलं असेल, तर तुमचं अपील फोर्टला, म्हणजे मुंबईच्या उच्च न्यायालयात नाही, सत्र न्यायालयात.

वाट कोणतीही धरा, अपील उभं राहतं ते निकालपत्रातल्या साक्षीदारांच्या पानांवर. 'सख्खा भाऊ आहे, आपल्याच बाजूने बोलणार' एवढ्यावरच प्रत्यक्षदर्शी साक्ष फेटाळली असेल, तर अपिलात दम आहे. जवळचा नातेवाईक खऱ्या गुन्हेगाराला सोडून सहसा निरपराधाला गोवणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने दलीप सिंग खटल्यात १९५३ सालीच म्हटलं. साक्षीदार एकच होता म्हणून सोडलं असेल, तरी तेच. कायदा संख्या मोजत नाही. पण त्याच भावाच्या पहिल्या जबाबात आरोपीचं नाव नसेल, गल्लीत दिवा नव्हता हे पंचनाम्यातच असेल, तर काम अवघड. उच्च न्यायालय सगळा पुरावा नव्याने तपासू शकतं, तरी त्यातून दोन सयुक्तिक निष्कर्ष निघत असतील तर सुटकेचाच कायम राहतो. चंद्रप्पा निकालाने २००७ साली हे नीट मांडून ठेवलं आहे. मुलगा गमावलेल्या आईला हे सांगताना जीभ जड होते. तरी खोटी आशा लावण्यापेक्षा ते आधीच सांगावं.

निकालाच्या दिवशीच निकालपत्राच्या नकलेचा अर्ज टाका. नक्कल हाती आली, की साक्षीदाराला का नाकारलं तो परिच्छेद काढा, शेजारी त्याची उलटतपासणी ठेवा, आणि दोन्ही घेऊन फौजदारी अपिलं चालवणाऱ्या वकिलाकडे जा. मंत्रालयातून काय उत्तर येतं, यासाठी थांबू नका.