चाळकेवाडीच्या वाटेवरची खानावळ: मसूर एक नंबर, चहा सोडा

मी क्रेनवर रिगर, म्हणजे अवजड भाग बांधून क्रेननं उचलून देणारा. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर पवनचक्क्यांची उभारणी जोरात होती तेव्हा ठोसेघर रस्त्यावरच्या या खानावळीत आमच्या टोळीचं महिन्याचं खातं असायचं. परवा पुन्हा गेलो. अख्खा मसूर तोच, वर लाल तवंग, भाकरी तव्यावरून थेट ताटात. खर्डा जपून घ्या. चहा नुसता गुळमट. रविवारी धबधब्याची गर्दी, ताटासाठी ताटकळावं लागतं.

इतर दिवशी बाकडी मोकळी. मावशी म्हणाल्या, "पात्यांचा ट्रेलर वर चढला की चूल विझायची नाही. उभी चक्की काय जेवती व्हय?" खरंय. चालू चक्कीला देखभालीची चार पोरं पुरतात. पैसा खेळतो तो पाया, क्रेन आणि ट्रेलरच्या दिवसांत.

मग मी त्यांना अमेरिकेचं सांगितलं. रोड आयलंडजवळ समुद्रात ६५ पैकी ४५ चक्क्या उभ्या झालेल्या, आणि २२ ऑगस्ट २०२५ ला सरकारनं काम थांबवलं. समुद्रातलं काम म्हणजे जहाजाचं भाडं आणि कर्जाचं व्याज, दोन्ही चालूच. आमची क्रेन निदान परत तरी पाठवता येते. ते काम करणाऱ्या डेन्मार्कच्या ऑर्स्टेड कंपनीचा शेअर लगेचच्या सोमवारी धाडकन पडला. महिन्यानं कोर्टानं काम सुरू करू दिलं.

मावशींनी विचारलं, "मग महिनाभर त्या पोरांच्या डब्याची उधारी कुणी भागवली?"

ट्रेलर लावायला भरपूर जागा आहे. मोबाइलला रेंज नसते, रोख न्या.