11 वर्षांच्या बंड्याची केमो, आणि या क्लिनिकचा आमचा अनुभव (मोठा आहे, पण वाचा)

आमचा बंड्या लॅब्रडॉर आहे, वय 11, वजन 32 किलो. जूनच्या शेवटी त्याला लिम्फोमा (लसिका गाठींचा कॅन्सर) निघाला आणि तेव्हापासून याच क्लिनिकमध्ये केमो चालू होती, मागच्या महिन्यात 16वा आणि शेवटचा डोस झाला. घरात म्हातारा कुत्रा आहे, हातात रिपोर्ट आहे आणि रात्री दोन वाजता फोनवर शोधत बसलाय अशा लोकांसाठी लिहितेय, मी पण तशीच बसले होते.

बंड्याच्या गाठी पहिल्यांदा आईच्या हाताला लागल्या. ती रोज संध्याकाळी त्याचा गळा खाजवते, तेव्हा म्हणाली याच्या गळ्याखाली सुपाऱ्या लागतायत गं. आधी आम्ही दुसऱ्या एका व्हेटकडे गेलो होतो, नाव घेत नाही, त्यांनी गोचीड ताप म्हणून औषधं चालू केली. आता त्यात तसं चुकीचं काही नव्हतं कारण गोचीड तापातही गाठी सुजतात आणि पावसाळ्यात आपल्याकडे गोचीड काय कमी असतात, पण गाठीतून सॅम्पल न घेताच त्यांनी स्टिरॉइडचं इंजेक्शन पण दिलं. चार दिवसांत गाठी बसल्या, बंड्या पोटभर जेवायला लागला, आम्हाला वाटलं झालं, सुटलो. दोन आठवड्यांनी त्याच गाठी लिंबाएवढ्या होऊन परत आल्या आणि मागच्या पायांच्या गुडघ्यामागे पण आल्या.

इथे आलो तेव्हा डॉक्टरांनी गाठींना हात लावायच्या आधी विचारलं, "स्टिरॉइड दिलंय का, कधी, किती?" मला तेव्हा कळलं नाही का विचारतायत. मग त्यांनी सांगितलं की लिम्फोमावर स्टिरॉइडचा परिणाम होतो म्हणून गाठी बसतात, पण त्याने सॅम्पलमध्ये आजार नीट दिसत नाही आणि कॅन्सरच्या पेशी सरावल्या की पुढची खरी औषधं पण कमी लागू पडतात. म्हणून हात जोडून सांगते, कुत्र्याच्या गाठी सुजल्या तर आधी सुईने सॅम्पल घ्यायला लावा, मगच स्टिरॉइड. सुई म्हणजे साधी इंजेक्शनची सुई असते, भूल नाही काही नाही, बंड्याला बिस्किट दाखवून पाच मिनिटांत झालं. तीन दिवसांनी रिपोर्ट आला, आणि पुढच्या टेस्टमध्ये बी-सेल, म्हणजे बी प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा लिम्फोमा निघाला. डॉक्टर म्हणाले दोन प्रकारांतला हा त्यातल्या त्यात बरा.

रिपोर्ट सांगताना डॉक्टर टेबलाच्या पलीकडे बसले नव्हते, खाली फरशीवर बंड्याशेजारी बसले होते आणि स्पष्ट बोलले. हा आजार कुत्र्यांमध्ये मुळापासून बरा होणं फार क्वचित. काहीच केलं नाही तर साधारण महिना दीड महिना. नुसत्या स्टिरॉइडवर एक-दोन महिने. चार औषधांची केमो, जिला सगळे चॉप म्हणतात, ती केली तर बहुतेक कुत्र्यांच्या गाठी जातात आणि बी-सेलवाले सरासरी वर्षभर चांगले काढतात, काही जास्त, काही कमी. मग म्हणाले, "आपण त्याला बरा करायला निघालेलो नाही, त्याला बरं वाटायला हवं म्हणून करतोय, ज्या दिवशी बरं वाटत नाहीये असं दिसेल त्या दिवशी थांबायचं." हे वाक्य मी घरी येऊन तसंच्या तसं लिहून ठेवलं.

खरी अडचण पैशाची नव्हती, आईची होती. आईला 2017 मध्ये ब्रेस्ट कॅन्सर झाला होता, तिची स्वतःची केमो झालीये. तिने सरळ सांगितलं, नाही करायचं. म्हणाली, "त्याला बोलता येत नाही, मला निदान सांगता तरी येत होतं की आता बास." माझ्याकडे याला उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला पण आतून तसंच वाटत होतं. मी डॉक्टरांना फोन करून सांगितलं की आम्ही बहुतेक नाही करणार, तर त्यांनी समजवायचा प्रयत्न नाही केला, एवढंच म्हणाले काकूंना एकदा घेऊन या, नाही म्हणाल्या तर नाही.

आई आली आणि औषधांची यादी बघून तिने पहिलं विचारलं, "यात ते लाल औषध आहे का?" आहे. डॉक्सोरुबिसिन. ज्यांच्या घरात कुणाची ब्रेस्ट कॅन्सरची केमो झालीये त्यांना ते लाल इंजेक्शन सांगायला नको. सायक्लोफॉस्फामाइड पण आईला मिळालं होतं. म्हणजे आईला दिलेल्या दोन औषधांची नावं तिच्या कुत्र्याच्या कागदावर होती. डॉक्टरांनी मग वहीवर काढून दाखवलं की तुम्हाला शरीराच्या दर चौरस मीटरला 60 मिलिग्रॅमच्या हिशेबाने मिळालं असेल, याला आपण 30च्या हिशेबाने देतो, कारण तुमच्यात आजार मुळापासून काढायचा होता म्हणून तुम्हाला तेवढं सोसायला लावलं, याच्यात तसं करायचंच नाही. केस जातील का विचारलं तर म्हणाले लॅब्रडॉरचे जात नाहीत, पूडल शिह त्झू वगैरेंचे जातात, याच्या फार तर मिशा गळतील. आई बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली एक डोस बघू.

मिशा गळल्या खऱ्या. बाकी 16 वेळांत उलटी दोनदा आणि जुलाब एकदा, ते पण उलटीची गोळी आधीच दिलेली असायची म्हणून चटकन आवरलं.

आता इथे काम कसं चालतं ते सांगते. सोळा वेळा म्हणजे 19 आठवडे, आमचा एक आठवडा पुढे गेला म्हणून 20 झाले. प्रत्येक वेळी आधी रक्त काढून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), पांढऱ्या पेशी पुरेशा असतील तरच औषध, एकदा कमी होत्या तर सरळ परत पाठवलं आणि औषधाचे पैसे घेतले नाहीत. लाल औषधाच्या आधी हृदयाची इको केली कारण ते हृदयावर बसतं. शिरेतून देताना सुईतून आधी सलाइन सोडून दोनदा बघतात की सुई नीट आत आहे ना, कारण चॉपमधलंच व्हिन्क्रिस्टिन काय किंवा हे लाल काय, बाहेर सांडलं तर मांस जळतं. हे करणाऱ्या एक ताई आहेत तिथे, त्या बंड्याचं डोकं मांडीवर घेऊन बसायच्या आणि पूर्ण वेळ उठायच्या नाहीत, फोन वाजला तरी नाही. आई म्हणाली मला असं कुणी धरलं नव्हतं.

बंड्याला टेबलावर चढवत नाहीत. संधिवाताचा कुत्रा आहे, उचललं की कण्हतो, तर सगळं खाली चटईवर होतं. ही एक गोष्ट पुण्यात मला दुसरीकडे कुठे दिसली नाही, मी तीन ठिकाणं बघितली होती.

घरी काय करायचं याचा एक कागद देतात, मराठीत, आणि तो खूप कामाचा आहे. डोसनंतर दोन-तीन दिवस त्याच्या शू-शीला ग्लव्ह्जशिवाय हात लावायचा नाही, पोरं खेळतात तिथे फिरवायचं नाही, गोळी फोडायची किंवा कुटायची नाही. सायक्लोफॉस्फामाइडच्या दिवशी भरपूर पाणी आणि दर दोन-तीन तासांनी खाली नेणं, कारण ते लघवीत साठून राहिलं की मूत्राशयाला जखमा करतं आणि रक्त येतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि चॉपमध्येच असलेल्या स्टिरॉइडमुळे त्याला तहान पण दुप्पट. आईची जुनी सुती साडी घडी करून त्याच्या पोटाखालून घ्यायची आणि मागचा भार मी धरायचा, असे आम्ही दिवसाला सात-आठ वेळा जिने उतरलो. ऑनलाइन मिळतात ते पट्टे पण घेऊन बघितले, त्याच्या जांघेत काचले, साडीच बरी. घरातल्या गुळगुळीत टाइल्सवर दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रबरी चटया टाकल्या, हे तर कॅन्सर नसला तरी म्हाताऱ्या कुत्र्याच्या घरात कराच. खायला उकडलेलं चिकन, मऊ भात, भोपळा. कच्चं मांस केमोत अजिबात नाही.

एक रात्र वाईट गेली. पहिल्या लाल औषधानंतर आठवा दिवस, शनिवार, रात्री साडेअकरा. बंड्या भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि चिकन हुंगून सोडलं. त्या कागदावर लिहिलंय की सातव्या ते दहाव्या दिवशी पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात, ताप 103च्या वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही. थर्मामीटर लावला तर 104. क्लिनिक रात्री बंद असतं. डॉक्टरांनी तिसऱ्या रिंगला फोन उचलला, माणसांची तापाची कुठलीही गोळी देऊ नका म्हणाले, चोवीस तासवाल्या हॉस्पिटलात जाऊन काय बोलायचं ते वाक्य मला व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं आणि तिथल्या ड्यूटी डॉक्टरशी स्वतः बोलले. सलाइन, शिरेतून ॲंटिबायोटिक, दोन रात्री. सोमवारी सकाळी त्याने आईच्या डब्यातला भात खाल्ला. पुढचा लाल डोस त्यांनी कमी केला आणि तसा ताप परत आला नाही.

आता तक्रारी, कारण आहेत. अपॉइंटमेंट दहाची असली तरी बारा वाजतात, दर वेळी. तरुण कुत्र्याचं चालून जातं, याला दोन तास गार फरशीवर बसवलं की उठताना मागचे पाय घसरतात. मी दोनदा बोलले तेव्हा वेटिंगमध्ये चटया आल्या, पण उशीर तसाच आहे. बिलात सगळं एकत्र लिहितात, सीबीसीचे किती, औषधाचे किती, ते मागितल्याशिवाय कळत नाही. आम्हाला साध्या दिवशी साडेतीन-चार हजार आणि लाल औषधाच्या दिवशी सात हजारापर्यंत लागले, टेस्ट आणि त्या दोन रात्री धरून सगळं लाखाच्या वर गेलं. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी स्वतःला दोष देऊ नका, डॉक्टरांना तसं सांगा, नुसत्या स्टिरॉइडवर आरामात ठेवण्याचा मार्गही ते तितक्याच आस्थेने समजावतात, आमच्यासमोर एका काकांना समजावला. आणि रात्रीची सोय नाही ही मोठी उणीव आहे, केमो करणाऱ्या ठिकाणी ती हवीच. आम्ही जवळचं चोवीस तासवालं हॉस्पिटल आधी बघून ठेवलं नव्हतं, तुम्ही पहिल्या डोसच्या आधी ठेवा.

सध्या गाठी नाहीत. परत येतील असं डॉक्टरांनी सांगितलंय, कधी ते माहीत नाही, म्हणून दर महिन्याला तपासणी. आई रोज सकाळी चहाच्या आधी त्याच्या गळ्याखाली, खांद्यापुढे आणि गुडघ्यामागे बोटं फिरवते आणि कॅलेंडरवर टिक करते. बंड्या तेवढ्यात तिच्या बशीतलं खारी बिस्किट उचलतो, ती बघून न बघितल्यासारखं करते. पुढची तपासणी 12 तारखेला आहे, आई येणार आहे, त्या ताईंसाठी डब्यात पुरणपोळ्या करायच्या म्हणतेय.