चार्जर बदलावा की सॉकेट? लॅपटॉप चार्ज होत नसेल तर पैसे कुठे घालावेत

लॅपटॉप चार्ज होईनासा झाला की पणजी, म्हापसा, मडगाव किंवा फोंड्याच्या दुकानात गेलेला माणूस आधी नव्या चार्जरची किंमत विचारतो. त्याआधी बिघाड चार्जरमध्ये आहे की लॅपटॉपच्या सॉकेटमध्ये, म्हणजे चार्जरची पिन जिथे बसते त्या भोकात, हे ठरायला हवे. सॉकेट सैल असताना नवा चार्जर घेतला तर तोच त्रास परत येतो आणि ठिणग्या उडून नव्या पिनेचे टोकही काळे पडते. चार्जरची वायर आतून तुटलेली असताना लॅपटॉप उघडायला दिला, तर विनाकारण धोका पत्करावा लागतो. माझे मत आधीच सांगतो: चार्जर घेताना काटकसर करू नये, आणि सॉकेटसाठी मात्र चांगला स्थानिक कारागीर बहुतेक वेळा पुरेसा असतो.

आधी बिघाड नसलेल्या गोष्टी बाजूला काढू. बॅटरी ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबत असेल, तर लेनोव्हो, आसुस अशा लॅपटॉपमध्ये बॅटरी जपण्याची सेटिंग चालू आहे का ते पाहा. भिंतीपासून चार्जरच्या ठोकळ्यापर्यंत जाणारी, तीन भोकांच्या टोकाची जाड केबल दुसरी लावून पाहा. ती स्वस्त असते आणि अनेक कंपन्यांच्या चार्जरना तीच चालते. एक्स्टेन्शन काढून थेट भिंतीतल्या बोर्डात लावा. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि पुन्हा जोडा. एवढ्यावर काही लॅपटॉप ताळ्यावर येतात.

आता खरी तुलना. ठोकळ्यावर दिवा असेल तर तो बरेच काही सांगतो. पिन लॅपटॉपला लावलेली नसतानाही दिवा लागत नसेल, तर दोष चार्जरचा किंवा भिंतीकडच्या केबलचा. दिवा लागतो, पण पिन घातल्याबरोबर विझतो, तेव्हा लॅपटॉपच्या बाजूला शॉर्ट असण्याची शक्यता मोठी. चार्जर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा लावून पाहू नका. दिवा लागलेला राहतो आणि लॅपटॉपला काहीच कळत नाही, तेव्हा दोष पिनेजवळची वायर, सॉकेट किंवा मदरबोर्ड (लॅपटॉपचे मुख्य सर्किट), यांपैकी एकात.

पिन ठरावीक कोनात धरली तरच चार्जिंग होते, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते आणि तिथेच सर्वाधिक गल्लत होते. एका हाताने पिन सॉकेटमध्ये अजिबात न हलू देता धरा आणि दुसऱ्या हाताने पिनेमागची दोन-तीन इंच वायर हळू वाकवा. चार्जिंगचे चिन्ह लागत-विझत असेल तर वायर आतून तुटली आहे. मग वायर सैल सोडून फक्त पिन किंचित वर-खाली करा. आता चिन्ह विझत असेल आणि पिन आत डुगडुगत असेल, तर सॉकेट गेले. सॉकेटच्या आसपासचे प्लॅस्टिक गरम लागणे, तपकिरी होणे, जळका वास येणे ही धोक्याची खूण आहे. तो लॅपटॉप त्या क्षणापासून चार्जिंगला लावू नये.

मित्राचा तसाच चार्जर लावून पाहणे ही मल्टीमीटरपेक्षा खात्रीची चाचणी आहे. मल्टीमीटर भाराशिवाय, म्हणजे चार्जरवर लॅपटॉपचे ओझे नसताना, व्होल्टेज मोजतो, आणि दमलेला चार्जर भाराशिवाय अगदी बरोबर व्होल्टेज दाखवू शकतो. तरी मोजायचेच असेल तर एक लक्षात ठेवा: साध्या स्वस्त मीटरची २० ची पट्टी १९.९९ पर्यंतच दाखवते. २० व्होल्टचा चार्जर त्यावर नुसता १ दाखवेल. मीटर २०० वर ठेवा. डेल आणि एचपीच्या गोल पिनेत मधोमध बारीक सुई असते, तिला मीटरचा टोचा लागू देऊ नका. टाइप-सी चार्जर लॅपटॉपशी संकेतांची देवाणघेवाण झाल्याशिवाय वीज सोडत नाही, म्हणून तिथे मीटरने शून्य दाखवले तर तो दोष मानू नये.

त्या बारीक सुईबद्दल थोडे अधिक, कारण तिच्यामुळे लोकांचे पैसे वाया जातात. सुईतून वीजपुरवठा होत नाही, ओळख पटवली जाते. डेलच्या चार्जरमध्ये एक छोटी चिप असते, ती लॅपटॉपला आपण किती वॅटचे आहोत ते सांगते. सुईची नाजूक वायर तुटली की लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही, वेग मंदावतो आणि सुरू होताना चार्जर ओळखता आला नाही असा संदेश येतो. दुकानदार अशा वेळी बॅटरी बदलायला सांगू शकतो. हो म्हणण्याआधी डेल सुरू होताना एफ २ दाबून सेटिंगमध्ये जा. चार्जरचे वॅट तिथे दिसत असतील तर ओळख पटते आहे, अन्यथा दोष सुईच्या वाटेवर आहे, चार्जरमध्ये किंवा सॉकेटमध्ये. एचपीची निळ्या टोकाची ४.५ मिलिमीटरची पिन आणि डेलची तेवढीच पिन एकमेकांच्या सॉकेटमध्ये बसतात, दोन्ही १९.५ व्होल्टच्या. पण ओळखीची पद्धत वेगळी, म्हणून पिन बसली म्हणजे चार्जर चालेल असे नाही.

चार्जरच हवा असे ठरले, तर पर्याय असे. कंपनीचा मूळ चार्जर महाग असतो, पण माझी पहिली पसंती त्यालाच. चांगल्या नावाचा दुसऱ्या कंपनीचा चार्जरही चालतो, अट एवढीच की व्होल्टेज तेच हवे आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त. १९.५ व्होल्ट ३.३४ अँपिअर म्हणजे ६५ वॅट. त्या जागी ४५ वॅटचा लावला तर लॅपटॉप चालताना बॅटरी खाली जाऊ शकते, ९० वॅटचा लावला तर काही बिघडत नाही. ठोकळ्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण, आयएस १३२५२ हा आकडा आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. हा क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो, दुकानात उभ्या उभ्या. खूण नाही आणि वजन संशयास्पद हलके, असा चार्जर स्वस्त असला तरी घेऊ नका. त्याच्या आत २३० व्होल्ट आणि तुमचा लॅपटॉप यांच्यात जे अंतर असायला हवे ते कुणी मोजलेले नसते. अनेक टोकांचा युनिव्हर्सल चार्जर मी कुणालाच सुचवत नाही. व्होल्टेजचे बटण चुकीच्या आकड्यावर सरकले तर नुकसान मदरबोर्डचे.

वायर दुरुस्त करणे हा पर्याय लोक विसरतात. ठोकळा मूळ कंपनीचा आणि ठणठणीत आहे, फक्त पिनेजवळ वायर तुटली आहे, तर पिनेसह नवी वायर सोल्डर करून मिळते. एसर, आसुससारख्या दोन वायरींच्या चार्जरला हे उत्तम. सुईवाल्या चार्जरमध्ये तिसरी बारीक वायर असते, तिथे हात बसलेला कारागीरच हवा. इन्सुलेशन टेप गुंडाळून चालवणे मात्र नको, निदान पावसाळ्यात तरी.

पावसाळ्याचा मुद्दा गोव्यात टाळता येत नाही. जूनपासून हवेत ओल असते, कळंगुट, मोरजी, बाणावलीसारख्या किनारी गावांत त्यात मीठही. तांब्यावर हिरवट थर चढतो, पिनेचा स्पर्श कमकुवत होतो, स्पर्श कमकुवत झाला की तिथे उष्णता वाढते आणि सॉकेटचा सोल्डर सुटू लागतो. कदंबच्या बसने प्रवास करून बॅग भिजलेली आली तर लॅपटॉप लगेच चार्जिंगला लावू नका. सॉकेट साफ करायचे तर लॅपटॉप बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. खोबरेल तेल, व्हॅसलीन काही नको. मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये ढग गडगडू लागले की बटण बंद करून भागत नाही, प्लग बोर्डातून ओढून काढा. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर चार्जरला दोष देण्याआधी घराचे अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत ते अनेकदा नसते किंवा तुटलेले असते.

आता सॉकेट. काही लॅपटॉपमध्ये ते छोट्या वायरीला जोडलेले, सुटे असते. दोन स्क्रू आणि एक कनेक्टर काढला की नवे बसते. काहींत ते थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेले असते. मॉडेलचे नाव आणि ‘डीसी जॅक’ असे शोधले की भागाच्या छायाचित्रावरून कळते. सुटे असेल तर स्थानिक दुकानात निर्धास्त द्या. सोल्डर केलेले असेल तर कारागिराला विचारा, गरम हवेने सोल्डर वितळवणारे हॉट एअर मशीन आहे का आणि असे काम याआधी केले आहे का. सर्व्हिस सेंटरमध्ये अशा वेळी अनेकदा पूर्ण मदरबोर्डच बदलायला सांगतात, तो खर्च जुन्या लॅपटॉपला परवडत नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर मात्र आधी सर्व्हिस सेंटरच. पडून किंवा ओढून तुटलेले सॉकेट साध्या वॉरंटीत सहसा बसत नाही, तरी विचारून घ्यावे.

टाइप-सी सॉकेट जास्त नाजूक. त्यात २४ बारीक संपर्क असतात आणि बदलणे कठीण. पण तिथे बिघाड वाटतो तो कित्येकदा नुसता आत दबलेला कापूस आणि धूळ असते. लॅपटॉप बंद करून लाकडी काडीने हलकेच काढा. साधी केबल ३ अँपिअरपर्यंतच, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट नेते. त्यापुढे ५ अँपिअरची, आत चिप असलेली केबल लागते.

आणि ज्यांच्या लॅपटॉपला गोल पिनेचे सॉकेट आणि चार्जिंग चालणारे टाइप-सी असे दोन्ही आहे, त्यांना घाई करण्याचे कारण नाही. गोल सॉकेट फक्त सैल झाले असेल तर त्याला हात न लावता ६५ वॅटचा पीडी (पॉवर डिलिव्हरी) टाइप-सी चार्जर घ्या. काम चालू राहते, आणि पुढे नवा लॅपटॉप घेतलात तरी तो चार्जर उपयोगी पडतो. फोनचा वेगवान चार्जर त्या जागी धरू नका. त्यांतले बरेचसे २० व्होल्ट देतच नाहीत. लॅपटॉप दुकानात देण्यापूर्वी फाइलींची प्रत काढून ठेवा, आणि बदललेले जुने सॉकेट परत मागून घ्या.