यलोस्टोन की आइसलंड? आजी-आजोबा आणि मुलांना घेऊन गीझर पाहायला कुठे जावं

आई-बाबा सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आलेले, मुलांना सुट्टी लागलेली, आणि जमिनीतून उसळणारा उकळत्या पाण्याचा फवारा, म्हणजे गीझर, एकदा तरी सगळ्यांनी मिळून बघायचा असं घरात ठरलेलं. अशा वेळी दोन नावं हमखास निघतात, अमेरिकेतलं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान आणि आइसलंड. गंधकाचा वास दोन्हीकडे सारखाच येतो. बाकी सहली अगदी वेगळ्या. यलोस्टोनमध्ये गरम पाणी बघायचं असतं, आइसलंडमध्ये त्यात उतरायचं असतं. आपलं घर यातलं कुठलं, हे आधी ठरवा. तिकिटांचे भाव नंतर बघा.

पण त्याच्याही आधी व्हिसा, कारण बऱ्याच घरांचा निर्णय तिथेच होऊन जातो. आइसलंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येतं. भारतीय पासपोर्ट असेल तर ग्रीन कार्ड किंवा एच-१बी असूनही शेंगेन व्हिसा काढावा लागतो. हा अर्ज साधारणपणे आपण जिथले रहिवासी आहोत त्या देशातून करायचा असतो. म्हणजे आई-बाबांचा व्हिसा त्यांनी निघण्याआधी भारतातूनच काढायला हवा. ते इथे पोचल्यावर ‘परत जाताना दोन दिवस आइसलंडला उतरू’ असं ठरवलं, तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. यलोस्टोनला ही कटकट नाही. मात्र २०२६ पासून अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या पाहुण्यांना जास्त प्रवेशशुल्क आहे, ते माणशी धरून हिशेबात घ्या.

आता गीझर. यलोस्टोनमध्ये पाचशेहून जास्त गीझर आहेत, जगातले जवळजवळ निम्मे. ओल्ड फेथफुल साधारण दीड तासाने उडतो आणि ३२ ते ५६ मीटर उंच जातो. पुढची वेळ तिथल्या माहिती केंद्रात लावलेली असते, दहा मिनिटं इकडेतिकडे. मुलांना एक काम द्या. फवारा किती वेळ चालला ते मोजायला सांगा. अडीच मिनिटांच्या आत आटोपला तर पुढचा तासाभरात येतो. जास्त चालला तर खालची पोकळी जास्त रिकामी झालेली असते, ती भरून तापायला वेळ लागतो, म्हणून दीड तास किंवा त्याहून जास्त थांबावं लागतं. आठ-दहा वर्षांचं मूल हे गणित स्वतः करतं आणि आजोबांना समजावूनही सांगतं. ओल्ड फेथफुलपाशी बाकं आहेत, सपाट लाकडी वाट आहे, व्हीलचेअर सहज जाते. तिथून पुढे चालत गेलं की ग्रँड, कॅसल, रिव्हरसाइड हे गीझर लागतात. रिव्हरसाइडचा फवारा तिरका, थेट फायरहोल नदीवर पडतो. त्याची वेळ जमत असेल तर चुकवू नका.

आइसलंडमधला स्ट्रॉक्कुर गीझर हे सगळं सोपं करून टाकतो. दर सहा ते दहा मिनिटांनी उडतो. उंची साधारण १५ ते २० मीटर, कधीतरी दुप्पट. त्याच्या शेजारचा मूळ गेसिर, ज्याच्यावरून जगभरच्या गीझरना नाव मिळालं, आता बहुतेक काळ शांत असतो. स्ट्रॉक्कुरमध्ये बघण्यासारखं आहे ते फवाऱ्याच्या आधीचं. कुंडातलं पाणी दोन-तीनदा वरखाली होतं, मग मधोमध निळा, काचेसारखा घुमट फुगून येतो, आत वाफ कोंडलेली दिसते, आणि तो फुटतो. हे सगळं क्षणभरात होतं. पहिल्या खेपेला सगळेच वर बघत बसतात आणि घुमट राहून जातो. दुसऱ्यांदा मुलांना कुंडाकडे नजर ठेवायला सांगा. वारा पाठीमागून येईल असं उभं राहा, नाहीतर कपडे भिजतात आणि तिथल्या थंडीत ते त्रासाचं होतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला दीड तास बाकावर बसवणं अवघड असतं. लहान मुलं असतील तर या बाबतीत आइसलंड सरस, यात मला शंका नाही.

पण रंग बघायचे असतील तर यलोस्टोनला तोड नाही. ग्रँड प्रिझमॅटिक स्प्रिंग सुमारे ११० मीटर रुंद आहे. मधोमध गर्द निळं, मग हिरवं, पिवळं, आणि कडेला पेटल्यासारखं केशरी. कडेचे रंग उष्णतेत जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचे आहेत. मधलं पाणी इतकं तापलेलं असतं की तिथे ते टिकत नाहीत, म्हणून ते निळंच राहतं. याच परिसरातल्या एका झऱ्यात १९६६ मध्ये थॉमस ब्रॉक यांना थर्मस ॲक्वाटिकस हा जिवाणू सापडला. त्याच्यातल्या विकरामुळे (एन्झाइममुळे) पुढे डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर तंत्र रोजच्या वापरात आलं, आणि करोनाच्या काळात आपण सगळ्यांनी नाकात काडी घालून घेतलेली चाचणी त्याच तंत्रावर उभी होती. हे तिथे उभं राहून मुलांना जरूर सांगा. जवळच्या लाकडी वाटेवरून मात्र वाफेमुळे बरेचदा चष्म्यावर धुकं येण्यापलीकडे काही दिसत नाही. फेअरी फॉल्सच्या पार्किंगपासून वरच्या कठड्यापर्यंत चढून जा. चढ थोडा आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश चढावं किंवा खालच्या वाटेवर समाधान मानावं.

आणि हे पाणी हाताने शिवायचं नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या किंवा राजापूरजवळच्या उन्हाळे गावच्या गरम कुंडात अंघोळ केलेल्या आपल्या आजी-आजोबांना हे पटायला वेळ लागतो, म्हणून घरीच सांगून ठेवावं. झऱ्यांभोवतीची जमीन वरून घट्ट दिसते, पण कवच पातळ असतं आणि खाली उकळतं पाणी असतं. यलोस्टोनमध्ये आजवर वीसहून अधिक माणसं भाजून मरण पावली आहेत. २३ जुलै २०२४ ला बिस्किट बेसिनमध्ये जमिनीखालच्या वाफेचा स्फोट झाला आणि लाकडी वाट उखडली गेली. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. चालायला लागलेलं, हात सोडवून पळणारं मूल असेल तर मी स्पष्ट सांगते, यलोस्टोन दोन वर्षं पुढे ढकला. गेसिरलाही पाणी तितकंच घातक आहे, पण तिथे तास-दीड तास डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं की झालं. यलोस्टोनमध्ये तसं दिवसचे दिवस करावं लागतं.

उद्यानाच्या आत पूर्वी लोक बॉइलिंग रिव्हरमध्ये उतरत, पण २०२२ च्या पुरानंतर ती जागा बंद आहे. डुंबायचंच असेल तर उत्तरेकडून बाहेर पडून गार्डिनर किंवा चिको हॉट स्प्रिंग्ज गाठावं लागतं.

आइसलंडमध्ये याच्या उलट. तिथे गरम पाणी हा रोजच्या जगण्याचा भाग आहे. दहापैकी नऊ घरं जमिनीखालच्या उष्णतेवर उबदार राहतात. डेल्डार्तुंगुक्वेर नावाच्या एकाच झऱ्यातून सेकंदाला १८० लिटर, ९७ अंशांचं पाणी येतं आणि नळाने दूरच्या गावांत जातं. ब्लू लगून या प्रसिद्ध गरम तळ्याचं पाणी शेजारच्या स्वार्त्सेंगी वीजकेंद्रातून येतं. दोन वर्षांखालच्या बाळांना तिथे प्रवेश नाही, आणि २०२३ च्या अखेरीपासून त्या भागात ज्वालामुखीचे उद्रेक होत असल्याने ते अधूनमधून बंद ठेवावं लागतं. माझं मत विचाराल तर कुटुंबाने फ्लूदिरचं सीक्रेट लगून निवडावं, गेसिरहून फार लांब नाही, पाणी ३८ ते ४० अंश. किंवा सरळ राजधानी रेक्याविकमधला पोहण्याचा सार्वजनिक तलाव. स्वस्त, आणि मुलांसाठी घसरगुंड्याही असतात. एक गोष्ट आई-बाबांना आधीच सांगा. पाण्यात उतरण्यापूर्वी साबण लावून, पूर्ण विवस्त्र होऊन अंघोळ करावी लागते, बायकांची आणि पुरुषांची सोय वेगळी. पाण्यात क्लोरीन अगदी कमी घालतात, म्हणून नियम कडक. काही ठिकाणी आडोशाच्या खोल्या असतात, फोन करून विचारा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

प्रवासाचा शीण यलोस्टोनमध्ये नक्कीच जास्त. सॉल्ट लेक सिटीहून गाडीने पाचेक तास, आणि आतला आठाच्या आकाराचा रस्ताच १४२ मैलांचा. रस्त्यात अमेरिकन गवे (बायसन) आडवे आले की गाड्या खोळंबतात, आणि खरं तर मुलांना तेच सगळ्यात जास्त आवडतं. उद्यानाचा बराचसा भाग साडेसात हजार फुटांवर आहे. महाबळेश्वर साडेचार हजारांवर. दम्याच्या माणसाने पहिला दिवस रिकामा ठेवावा. रेक्याविक ते गेसिर मात्र शंभरेक किलोमीटर, वाटेत थिंगवेलिर राष्ट्रीय उद्यान, पुढे गुल्फोस धबधबा, आणि रात्री मुक्कामाला परत.

जेवण दोन्हीकडे आपल्यालाच बघावं लागतं. शाकाहारी घराने स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी. आइसलंडमध्ये हॉटेलात खाणं फारच महाग. बोनुस किंवा क्रोनान या दुकानांतून सामान भरा. तिथलं स्कीर आपल्या चक्क्यासारखं घट्ट असतं, साखर-वेलदोडा घातला की मुलं पोळीबरोबर आवडीने खातात. लॉयगारवात्न गावात राय धान्याचा पाव चोवीस तास गरम मातीत पुरून भाजतात, तो लोणी लावून खाऊन बघा.

महिन्याचं म्हणाल तर यलोस्टोनचे बहुतेक रस्ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत गाड्यांना बंद असतात. सप्टेंबर उत्तम. गर्दी ओसरलेली, आणि सकाळच्या थंडीत प्रत्येक कुंडावर वाफेचा खांब उभा. शाळेमुळे तो जमत नसेल तर जूनचा पहिला आठवडा धरा. आइसलंड डिसेंबरातही होतं, पण उजेड चार-पाच तासच आणि रस्त्यावर बर्फ, त्यामुळे आई-बाबा बरोबर असतील तर जून ते ऑगस्ट. जून-जुलैमध्ये तर अंधारच पडत नाही, झोपायला डोळ्यांवरच्या पट्ट्या न्या.

ओल्ड फेथफुलजवळ राहायचं असेल तर खोल्यांसाठी वर्षभर आधी प्रयत्न करा. आई-बाबांच्या विमानाची तारीख पक्की झाली की त्याच दिवशी बघा.