फुकटचा सरकारी तक्ता मले ७३,६९८ रुपयाले पडला

शिव्या द्यायच्या असतील तर खुशाल द्या, घरी रोज खाऊनच राहिलो. पण पूर्ण वाचा, कारण मला ऑनलाइन कोर्स विकून फसवणारे लोक आता दुसऱ्या नावानं तेच दुकान मांडून बसले आहेत, परवाच जाहिरात दिसली. नाव लिहीत नाही, वकील नको म्हणाला.

धंद्याची पद्धत तुम्हाला माहीतच आहे. ९९ रुपयाचा वेबिनार, मग "ऑफर रात्री बारापर्यंतच", मग व्हॉट्सॲप ग्रुप आणि ग्रुपात रोज कोणीतरी "थँक्यू सर, पहिलं पेमेंट आलं". मलाही माहीत होती. मी काही कालचा पोरगा नाही, बी.कॉम. झालेला माणूस आहे, घरी सात एकर कोरडवाहू वावर आहे, पऱ्हाटी आणि तूर, आणि जोडीला थोडीफार प्लॉटची दलाली. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला तसं आमच्या पट्ट्यात प्रत्येक पानठेल्यावर एक दलाल उभा झाला. लोक विचारतात, भाऊ इथं काय भाव चालू आहे, आणि आम्ही सगळे अंदाजपंचे आकडा फेकतो. मला वाटलं, आपण पुरावा दाखवून भाव सांगितला तर? जाहिरातीत नेमकं तेच लिहिलं होतं, घरबसल्या सेकंडरी डेटावरून प्रॉपर्टी मार्केटचं विश्लेषण शिका, म्हणजे दुसऱ्यानं आधीच गोळा करून ठेवलेली माहिती, खरेदीखतं, जनगणना, रेरा म्हणजे बांधकाम आणि प्लॉटच्या प्रकल्पांची सरकारी नोंद, ती नुसती वाचायची आणि मांडायची. गोष्ट खोटी नाही हो, आजही म्हणतो. खोटा होता तो विकणारा.

हिशोब लिहून टाकतो म्हणजे नंतर कोणी वाढवून सांगणार नाही. वेबिनार ९९. कोर्स १४,९९९. मग आठव्या दिवशी "डेटा टर्मिनल" नावाची गोष्ट निघाली, त्याशिवाय पुढचं शिकता येणार नाही म्हणे, २०,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, २३,६००. मग "जिल्हा पार्टनर" व्हायचं डिपॉझिट ३५,०००, परत मिळणारं, आणि मग कंपन्यांचे रिपोर्ट बनवायचं काम, एका रिपोर्टचे ३,५०० तुम्हाला. एकूण ७३,६९८. टर्मिनलचे पैसे तुरीचे होते. डिपॉझिटसाठी बायकोची पोत पतसंस्थेत गहाण पडली आहे, ती अजून तिथंच आहे.

आता तो क्षण. रोज रात्री आठवतो आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

टर्मिनल म्हणजे काय, एक लॉगिन आणि आत पीडीएफ. सरांनी स्क्रीन शेअर केली, "हा प्रीमियम डेटा, बाहेर कुठंच मिळत नाही." तक्ता होता. वरचा भाग कापलेला, खालचा भाग कापलेला, मधोमध त्यांचा लोगो आडवा. डावीकडे गावाचं नाव, मग एक रकाना, ०-१.२५, मग १.२६-२.५०, असे चढते आकडे, आणि समोर हेक्टरी दर. माझी नजर त्या रकान्यावर थांबली. अरे ही तर आकारणी! जमिनीचा महसुली आकार! जगातली कोणती प्रायव्हेट कंपनी जमिनीचा भाव आकारणीच्या गटावरून लावते? हा रकाना फक्त एका कागदात असतो, सरकारच्या रेडी रेकनरमध्ये, म्हणजे सरकारी जमीनदराच्या तक्त्यात, आणि तो कागद मी बाबांच्या वाटणीपत्राच्या वेळी रजिस्ट्री ऑफिसबाहेर अर्जनवीसाच्या टेबलावर, चहाच्या कपाखाली दबलेला, माझ्या या डोळ्यांनी पाहिला होता. त्यावर बोट ठेवून त्यानं आमची स्टॅम्प ड्युटी काढली होती.

म्हणजे मला कळलं होतं. कळलं नाही असं नाही. मी चॅटमध्ये लिहिलंसुद्धा, सर हा रेडी रेकनर आहे काय. सर हसले, "छान प्रश्न, बेस तोच आहे, पण त्यावर आमचं अल्गोरिदम चालतं." आणि चॅट बंद झाला. आणि मी, बी.कॉम., त्या 'छान प्रश्न'नं फुगलो. पाच दिवसांनी ३५,००० पाठवले. का? कारण २३,६०० आधीच गेले होते, आणि गेलेले पैसे वाया गेले हे मान्य करायला जी हिंमत लागते ती नव्हती. तुमच्यापैकी ज्याची आहे त्यानं हसावं.

रेडी रेकनर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर फुकट दिसतो, जिल्हा टाका, तालुका टाका, गाव टाका. बरं, तो बाजारभाव नाहीच. स्टॅम्प ड्युटी मोजायला सरकारनं ठरवलेला तो दर, खरेदी त्यापेक्षा जास्तची असेल तर खरेदीच्या पूर्ण किमतीवर ड्युटी लागते, कमीची असेल तर रेकनरवर. २०२३-२४ आणि २०२४-२५ ला सरकारनं दर बदललेच नाहीत, वाढवले ते थेट १ एप्रिल २०२५ ला. त्या दोन वर्षांत आमच्या रस्त्यावरचे भाव काय तिथंच बसले होते? पण सरांच्या ग्राफमध्ये सरळ आडवी रेघ, आणि सर म्हणतात "मार्केट स्टेबल आहे".

इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, तो पण फुकट दिसतो, त्याच खात्याच्या ई-सर्चवर. त्यात कोणी कोणाला किती विकलं, मोबदला किती आणि सरकारी बाजारमूल्य किती, दोन्ही आकडे असतात. फक्त डोकं लावून वाचावं लागते. बापानं पोराला दिलेलं बक्षीसपत्र वेगळं काढा. समृद्धीसाठी सरकारनं घेतलेल्या जमिनी वेगळ्या काढा, तो मोबदला रेकनरच्या कितीतरी पट होता, तो भाव शेजारच्या वावराला लागत नाही. आणि कागदावर जे लिहिलं तेच दिलं असं समजू नका, टेबलाखालचा व्यवहार कोणत्याच डेटात येत नाही. यातलं एक अक्षर कोर्समध्ये नव्हतं. सरांनी आमच्या गावाचे तीन दस्त घेतले, एक भूसंपादनाचा, एक बक्षीसपत्र, एक खरी खरेदी, तिघांची सरासरी काढली आणि म्हणे हा "फेअर रेट".

तो रिपोर्ट मी रंगीत प्रिंट काढून भाऊजींना दाखवला. ते तलाठ्याकडे पंधरा वर्षं कोतवाल होते. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, म्हणाले, "काहून गा, आपल्या धुऱ्यावरचं वावर इतक्यात जाते? मंग माह्यं घे न, आजच देतो."

लोकसंख्येचं तर विचारूच नका. "२०२४ चा डिमांड डेटा" म्हणून जे दिलं ते २०११ च्या जनगणनेचे आकडे होते, नुसते गुणाकार केलेले, २०२१ ची जनगणना झालीच नव्हती तर २०२४ चा आकडा आणला कुठून? आणि भाव वाढीला नॅशनल हाउसिंग बँकेचा रेसिडेक्स, म्हणजे घरांच्या भावाचा निर्देशांक, लावला, तोही फुकट आहे, ५० शहरांचा, त्यात नागपूर आहे. नागपूरच्या फ्लॅटचा आकडा आमच्या तालुक्याच्या प्लॉटला! हे म्हणजे संत्र्याचा भाव पाहून बोरं विकणं झालं.

सर्वात लाज वाटते ती चुलतभावाची. रेफरलचे १,५०० मिळतात म्हणून मीच त्याला आत ओढलं, त्याचे १४,९९९ गेले. माझे १,५०० पण आले नाहीत, ते जाऊ द्या. सोयाबीन विकून ७,५०० त्याला परत केले, तो घेत नव्हता, काकूनं घेतले आणि तेव्हापासून काकू आमच्या अंगणातून जात नाही, मागच्या बोळीतून जाते.

पार्टनर झाल्यावर काम आलं नाही, फोन बंद, ग्रुपातून काढलं. मग सरकारी यात्रा.

सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, १९३०, तिला फोन लावला, लागला तिसऱ्या दिवशी. तक्रार नंबर मिळाला. पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब म्हणतात, "कोर्स देला न त्याइनं? मंग फसवणूक कायची? सिव्हिल मॅटर आहे." मी म्हटलं साहेब डिपॉझिट घेऊन पळाले. तर म्हणे, "तू शिकला सवरलेला दिसतं, तुले समजलं नाही काय?" बाजूचा शिपाई खर्रा घोटत हसला. लिहून घेतलं नाही. हद्द कोणतीही असो, झिरो एफआयआर घ्यावा लागतो असं मी म्हटलं तर "कायदा शिकवतं काय" म्हणून जिल्ह्याला सायबरकडे पाठवलं. एसटीचं भाडं, दिवसाची मजुरी. तिथं म्हणाले रक्कम लहान आहे, आमच्याकडे चाळीस-चाळीस लाखाच्या केसेस आहेत, ठाण्यातच द्या. परत ठाण्यात. बँकेत गेलो तर मॅडमनी मान वर न करता, "पिन तुम्हीच टाकला न?" हो, मीच टाकला. पिन मी टाकला म्हणून चोर सज्जन झाला काय? जीएसटीचं विचारायला लिहिलं, त्याचं उत्तर आजपर्यंत नाही. ज्या सरकारचा फुकटचा कागद विकला गेला, ज्या सरकारच्या नावानं ३,६०० रुपये कर घेतला गेला, त्या सरकारच्या एकाही टेबलाला राग आला नाही, राग आला तो माझाच, की हा परत आला.

पावती पाहायची अक्कलही नंतर आली. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो आणि पोर्टलवर टाकला की नाव निघते. माझ्या पावतीवरचा नंबर मी बोटानं मोजला. चौदा. आणि यूपीआयवर कंपनीचं नाही, कोण्या बाईचं नाव येत होतं, तेही मी पाहिलं होतं, "अकाउंट्स विभागाच्या मॅडम" म्हणाले होते.

त्यांचं "सरकारमान्य सर्टिफिकेट" पण तसंच. एजंट व्हायचं असेल तर महारेराचीच नोंदणी लागते, २०२३ पासून ट्रेनिंग आणि परीक्षा सक्तीची आहे, त्यांच्या सोनेरी बॉर्डरच्या कागदाला तिथं कोणी विचारत नाही. आणि प्लॉट घेणाऱ्यांनो, जागा ५०० चौरस मीटरच्या वर आणि प्लॉट ८ पेक्षा जास्त असले तर लेआउटला रेरा नंबर लागतो, जाहिरातीवर नसेल तर विचारा, असेल तरी साइटवर टाकून पहा.

आता ग्राहक आयोगात टाकतो आहे. ५ लाखापर्यंत फी नाही, आणि २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पुण्या-मुंबईला जावं लागत नाही. हे मला ठाण्यानं नाही सांगितलं, बँकेनं नाही सांगितलं, झेरॉक्सवाल्या पोरानं सांगितलं.

मागच्या मंगळवारी एक फोन आला. "रिफंड विभागातून बोलतोय, तुमचे ७३,६९८ मंजूर झालेत, २,४९९ प्रोसेसिंग फी भरा." रुपयासकट आकडा बरोबर. खोटं कशाला सांगू, मी ॲप उघडलं होतं. २,४९९ टाकले होते. बायकोनं चुलीजवळून विचारलं, कोणाचा फोन आहे जी, तेव्हा ठेवला.

तेव्हापासून मोबाईलचा पिन तिनं बदलला आहे. मला सांगितला नाही.