मिला, मिलेना, मिलित्सा की लुदमिला? लेकीचं नाव ठरवताना

माझ्या आतेबहिणीचा नवरा सर्बियन, नोव्ही सादचा, दोघं राहतात व्हिएन्नात आणि आता त्यांना मुलगी होणारे. गेले दोन महिने आमच्या फोनवर दुसरा विषय नाही. नाव "मिल"वालं हवं एवढं पक्कं झालंय, कारण त्याची आजी मिलेना होती, पण पुढे गाडी अडलीये. मी नऊ वर्षं चेकमध्ये, ब्रनोला राहतेय, त्यामुळे या नावांच्या बायका रोज ऑफिसात, ट्राममध्ये, दवाखान्यात भेटतात, म्हणून तिने सगळा भार माझ्यावर टाकला. तुकड्यातुकड्यात सांगून झालं, आता सलग लिहून काढते, म्हणजे अशा घरातल्या बाकीच्यांनाही कामी येईल.

आधी मूळ बघू. जुन्या स्लाव्हिक भाषेत "मिल" म्हणजे लाडका, प्रिय. आजही चेकमध्ये बाईला पत्र लिहायचं तर सुरुवात "मिला" अशीच होते, आपल्या "प्रिय" सारखी, फक्त शेवटचा आ लांबवायचा, आणि रशियनमध्ये लाडाने "मीलाया" म्हणतात. लिथुएनियनमध्ये प्रेमाला "मेइले" म्हणतात, तेही याच कुळातलं. आता आपल्याकडे कोणीतरी हमखास सांगणार की हे संस्कृत "मिलन"वरून आलंय, तर तसं नाहीये. मुलाचं मिलान हे नाव (लेखक मिलान कुंदेरा आमच्या ब्रनोचेच) आणि आपलं मिलन यांचा संबंध नाही, आवाज योगायोगाने जुळलाय. पण खरं नातं दुसरीकडे आहे आणि ते मला फार आवडतं. भाषांचं मूळ शोधणारे अभ्यासक या "मिल"ला वेदातल्या "मयस्" शब्दाजवळ ठेवतात, मयस् म्हणजे सुख, आनंद. "आपो हि ष्ठा मयोभुवः" आपल्या घरात किती जणांनी लहानपणापासून ऐकलंय, त्यातलं ते मयस्. म्हणजे मुलीच्या सर्बियन पणजीचं नाव आणि मराठी पणजोबांची संध्या फार फार मागे जाऊन एका ठिकाणी भेटतात, हे आतेबहिणीला सांगितलं तेव्हा ती फोनवर जरा वेळ गप्पच झाली.

आता एकेक नाव घेऊ.

सगळ्यात आधी मिला, कारण आजकाल सगळ्यांना तेच हवंय. छोटं, गोड, कुठल्याही देशात चालणारं. अमेरिकेत पहिल्या शंभरात आहे, जर्मनी आणि नेदरलँड्समध्येही पाळणाघरात दोन मिला तर असतातच. अभिनेत्री मिला क्युनिसमुळे जगभर कानावर पडलं, पण तिचं जन्मनाव मिलेना आहे, १९८३ मध्ये युक्रेनमधल्या चेर्निव्त्सी गावात जन्मलेली मिलेना मार्कोव्हना क्युनिस. दुसरी ती मिला जोवोविच, १९७५ मध्ये कीव्हला जन्मलेली, तिचं जन्मनाव मिलित्सा. म्हणजे बघा, दोन्ही प्रसिद्ध मिला कागदावर मिला नव्हत्याच. माझा मुद्दा इथेच आहे. मिला हे घरात हाक मारायचं नाव, मिलेना, मिलित्सा, लुदमिला या सगळ्यांचा तो लाडाचा तुकडा. मोठं नाव ठेवलं की मिला आपोआप मिळते, पण दाखल्यावर नुसतं मिला लिहिलं तर उद्या तिला मोठं, भारदस्त काही हवं झालं तर मागे काहीच नाही. शिवाय जर्मनीकडे बऱ्याच मिला या एमिलियाच्या असतात, आणि एमिलिया लॅटिन, तिचा या "मिल"शी संबंध नाही. कामिलाचंही तेच. आणि चेकमध्ये मीला हे पुरुषालाही म्हणतात, मिलोस्लाव किंवा बोहुमिल नावाच्या काकांना. आमच्या बिल्डिंगचे प्लंबर मीला आहेत, साठीचे. आणि आपल्याकडचं सांगायचं तर सुट्टीत पुण्याला आली की हिंदी बोलणारी पोरं "क्या मिला?" करणारच, ते काही फार मोठं संकट नाही पण माहीत असलेलं बरं.

मिलेना. मला विचाराल तर या सगळ्यांत जास्त विचार करून घडवल्यासारखं वाटणारं नाव हे. "मिल"ला शेपूट जोडून केलेलं, अर्थ तोच, लाडकी. सर्बिया, मॉन्टेनेग्रो, बल्गेरिया, चेक, पोलंड सगळीकडे आहे. मॉन्टेनेग्रोचा राजा निकोला पहिला याची राणी मिलेना (१८४७ ते १९२३), तिची एक मुलगी येलेना इटलीची राणी झाली, इटलीत तिला एलेना म्हणत, आणि सिसिलीत एका गावाला चक्क मिलेना नाव दिलं गेलं ते या सासूबाईंच्या मानासाठी. इटलीत हे नाव इतकं रुळलं की लोकांना वाटतं मारिया आणि एलेना जोडून झालंय, आणि नावांच्या वेबसाइटवरही तेच छापलेलं दिसतं, पण स्लाव्हिक मूळ सरळ समोर असताना त्या जोडकामाची गरजच नाही.

पण मिलेना म्हटलं की प्रागमध्ये एकच चेहरा डोळ्यासमोर येतो, मिलेना येसेन्स्का. १८९६ चा जन्म, पत्रकार, लेखक काफ्काच्या जर्मन कथा चेकमध्ये आणणारी, आणि काफ्काने जिला ती प्रसिद्ध पत्रं लिहिली ती. लोक तिला "काफ्काची मिलेना" म्हणून सोडून देतात याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण नाझी आल्यावर तिने लोकांना देशाबाहेर पळायला मदत केली, पकडली गेली आणि १९४४ मध्ये राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत गेली. मुलीला हे नाव देणार असाल तर ती मोठी झाल्यावर ही गोष्ट पत्रांपासून नाही, तिच्या धाडसापासून सांगायला सुरुवात करा.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. चेकमध्ये मिलेनाचं लाडाचं रूप मिलेन्का होतं, आणि मिलेन्का या शब्दाचा दुसरा अर्थ आहे प्रेयसी, बाहेरची. चेक लोक तरीही आपल्या मिलेनांना बिनधास्त मिलेन्का म्हणतात, कोणी हसत नाही, पण पत्ता चेकचा असेल तर लहानपणीच "मिला"ची सवय लावलेली बरी.

मिलित्सा. इथे मी जरा रमणार, कारण आतेबहिणीच्या सासरी हेच हवंय. मिल आणि "इत्सा", म्हणजे आपण "छोटीशी" म्हणताना जी माया येते ती या शेवटात आहे. सर्बियात हे नाव सातशे वर्षं जुनं झालं तरी म्हातारं होत नाही, पन्नाशीच्या मिलित्साही आहेत आणि शाळेतल्याही. कारण राणी मिलित्सा. १३८९ च्या कोसोवोच्या लढाईत तिचा नवरा राजपुत्र लाझार मारला गेला, मुलगा लहान, समोर ऑटोमन सुलतान, आणि तिने काही वर्षं राज्य सांभाळलं, एक मुलगी सुलतान बायेझिदच्या जनानखान्यात पाठवावी लागली, ल्युबोस्तिन्या नावाचा मठ बांधला आणि शेवटी संन्यासिनी झाली. गुस्ले नावाचं एका तारेचं वाद्य असतं, गज फिरवून वाजवतात, त्यावर तिची गाणी पिढ्यानपिढ्या गायली गेली. लढाईच्या आदल्या रात्री ती नवऱ्याला म्हणते माझ्या नऊ भावांपैकी एक तरी मागे ठेव. आतेबहिणीच्या सासऱ्यांनी मला ते जेवताना म्हणून दाखवलं होतं, भाषा निम्मी कळली, पण पोवाडा ऐकताना होतं तसंच अंगावर आलं.

मिलेना राणीचीच दुसरी मुलगी मिलित्सा, ती रशियन राजघराण्यात दिली, आणि रास्पुतिन नावाच्या त्या साधूला झारच्या घरापर्यंत नेण्यात तिचा आणि तिच्या बहिणीचा हात होता. एकाच घरात आई मिलेना आणि लेक मिलित्सा, म्हणजे ही दोन नावं वेगळी आहेत हे तिथल्यांना किती स्वाभाविक वाटतं बघा.

मिलित्साची अडचण कागदावर. लॅटिन लिपीत शेवटून दुसरं अक्षर सी आहे, सर्बियन त्याचा उच्चार त्स करतात, बाकी जग "मिलिका" वाचतं. रशियन माणसाला "मिलित्सिया" आठवते, म्हणजे पोलीस, २०११ पर्यंत रशियात पोलिसांना हाच शब्द होता. पण सर्बियातही युगोस्लाव्हियाच्या काळात पोलिसांना "मिलित्सिया"च म्हणायचे आणि तरी मुलींना मिलित्सा नाव देणं कोणी थांबवलं नाही, तेव्हा ही भीती मला फारशी पटत नाही.

लुदमिला. "लुद" म्हणजे लोक, लोकांना प्रिय ती लुदमिला. अर्थाने सगळ्यात भरीव. आणि यांच्यातली सगळ्यात जुनी गोष्टही हिचीच, चेक संत लुदमिला, राजपुत्र वात्स्लावची आजी. तिनेच त्याला वाढवलं, आणि सत्तेच्या भांडणात सून द्राहोमिराच्या माणसांनी ९२१ साली तेतीनच्या गढीत तिचा गळा आवळला, तिच्याच डोक्यावरच्या ओढणीने असं सांगतात, म्हणून चित्रांमध्ये तिच्या गळ्याभोवती किंवा हातात ती ओढणी असते. प्रागच्या किल्ल्यात सेंट जॉर्ज बॅसिलिकात तिचं थडगं आहे, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी तिथे नेते. नातवाला घडवणारी आजी, आणि कॅथलिक ऑर्थोडॉक्स दोघांनाही मान्य असलेली संत, हे फार थोड्या नावांच्या वाट्याला येतं.

रशियात मात्र हे नाव साहित्यातून पसरलं, पुश्किनच्या १८२० च्या "रुस्लान आणि ल्युद्मिला" या काव्याचा त्यात मोठा हात, आणि मग सोव्हिएत काळात घरोघरी ल्युद्मिला झाल्या, दुसऱ्या महायुद्धात ३०९ शत्रू टिपणारी नेमबाज पाव्हलिचेन्को, १९७२ च्या ऑलिंपिकची जिम्नॅस्ट तुरिश्चेवा. हाक मारताना ल्युदा, ल्युस्या, किंवा मिला. आता तिथे नवीन बाळाला हे नाव ठेवलं तर कानाला तसं लागतं जसं आपल्याला आज कुसुम किंवा शालिनी लागेल, म्हणजे नाव सुंदर, पण डोळ्यासमोर आजीच येते. कोणाला नेमकं तेच हवं असतं, आणि आजीचं नाव पुढे नेणं याहून चांगलं कारण मला तरी माहीत नाही.

स्पेलिंगचा मात्र लुदमिलाला खरा त्रास आहे. रशियन पासपोर्टवर एक, युक्रेनियनवर दुसरं, स्लोव्हाकमध्ये एल वर खूण, पोलिशमध्ये तर शेवटचा ल हा व होतो, लुदमिव्हा सारखं. एकच बाई चार देशांत चार नावांनी फिरते. मिलेनाचं उलट, बहुतेक देशांत तीच सहा अक्षरं, त्याच क्रमाने. विमानाचं तिकीट, बँक, शाळा, सगळीकडे नाव जुळणं किती महत्त्वाचं असतं हे परदेशात राहणाऱ्याला सांगायला नको.

बाकी भावंडं पटकन. मिलादा चेकमध्ये छान पण जरा जुनं, मिलादा होराकोवा या खासदारबाईंना कम्युनिस्टांनी खोट्या खटल्यात २७ जून १९५० ला फाशी दिलं, त्यामुळे इथे ते नाव आदराने घेतात. मिलेवा म्हटलं की आइनस्टाइनची पहिली बायको मिलेवा मारिच, नोव्ही सादच्या जवळचीच, आज बाळांना फार ऐकू येत नाही. मिल्का ठेवलं तर आयुष्यभर चॉकलेट. यार्मिला मला मनापासून आवडतं पण चेकबाहेर प्रत्येकाला दोनदा सांगावं लागतं.

वाढदिवसासारखा नावदिवस असतो तो धरायचा असेल तर चेकमध्ये मिलेनाचा २४ जानेवारी, लुदमिलाचा १६ सप्टेंबर, ऑफिसात फुलं मिळतात. नुसती मिला ठेवली की आधी विचारतात तुझं खरं नाव काय, म्हणजे कधी फुलं आणू.

आता आपल्या तोंडाचा विचार. इंग्रजी बोलणारा लुदमिलाचा द नेहमी ड करतो, आपला द मुळातच दातांचा, त्यामुळे सांगलीची आजी पहिल्याच दिवशी बरोबर म्हणते. मिलित्साचं तर त्याहून भारी. तो त्स म्हणजे आपला चमच्यातला, चांगल्यातला च. चहातला नाही, चमच्यातला. जर्मन नर्सने मिलिका म्हटलं, बँकेतल्या माणसाने मिलिसा म्हटलं, तरी सांगलीत फोनवर आजी ते नाव सर्बियन सासूइतकं अचूक घेणार, आणि दोन्ही आज्यांच्या तोंडी नाव सारखं असणं ही मिश्र घरात फार मोठी गोष्ट आहे, हे मी अशी चार घरं जवळून बघून म्हणतेय.

रशियन घरात देणार असाल तर बापाचं नाव मधे येतंच, आपल्यासारखंच, नाव, बापाचं नाव, आडनाव. तेव्हा तिघं एकत्र मोठ्याने म्हणून बघा. मिलेना प्रकाशेव्हना छान वाटतं, लुदमिला ज्ञानेश्वरोव्हना शाळेत हजेरी घेताना बाईंना दम लागेल.

मग माझं मत. दोन्ही घरं वेगळ्या देशांतली, बदली सारखी होणार, स्पेलिंगची कटकट नको, तर मिलेना, डोळे झाकून. आजीचंच नाव पुढे न्यायचं असेल आणि आजी लुदमिला असेल, तर लुदमिलाच, फॅशनचा विचार करू नका. नुसतं मिला दाखल्यावर नको.

आणि आतेबहिणीला मी मिलित्सा सांगितलंय. पणजी मिलेना होती, हो, पण व्हिएन्नात सर्बियन माणसं इतकी आहेत की सीचा त्स करायला तिथे कोणाला शिकवावं लागणार नाही, लाडाने मिला राहतेच, आणि सासऱ्यांना गुस्लेवरचं ते गाणं आता कोणासाठी म्हणायचं हे कळेल. काल तिने आत्याला फोन लावून नुसतं नाव म्हणायला सांगितलं, न सांगता, न लिहून देता. आत्याने एकदाच म्हटलं, चमच्यातला च, अगदी जसाच्या तसा.